अर्ध्या एकराचा फवारा

१२ एप्रिल, शनिवार

ही वही आर्डिसने दिली. म्हणाली, "वर्लिन, डोक्यात येईल ते सगळं मला ऐकवण्यापेक्षा यात लिहीत जा." चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने दिलेली भेट आहे, म्हणून लिहितो.

विषय फवाऱ्याचा आहे. नॉर्ब झिलिन्स्कीची आणि माझी मिळून चाळीस एकर झाडी आहे. कागद गिरणीत होतो तेव्हाच दोघांनी घेतली. त्या झाडीत मधोमध अर्ध्या एकराचा मोकळा तुकडा आहे. तिथे आम्ही हरणांसाठी क्लोव्हर, म्हणजे तीन पानांचा चारा, पेरतो. हरणं वर्षभर खातात आणि नोव्हेंबरात आम्ही त्यांना खातो, असा सरळ व्यवहार. गेल्या वर्षी मात्र क्लोव्हर कमी आणि गवत जास्त झालं. पाठीवरचा पंप घेऊन दोन दिवस फवारलं, तर माझा खांदा ऑगस्टपर्यंत वर जात नव्हता. चर्चमध्ये स्तोत्राला खांदा पाडून उभा राहिलो की लोकांना वाटायचं, मी कुणावर तरी रुसलोय.

तेव्हा या वर्षी एटीव्हीवर, म्हणजे झाडीत फिरवायच्या चारचाकी गाडीवर, बसवायचा फवारा घ्यायचा, इथपर्यंत आमचं एकमत आहे. पुढे नाही.

माझं म्हणणं: पंधरा गॅलनची टाकी, मागे दोन नोझल, हातात धरायला एक गन. झालं.

नॉर्बचं म्हणणं: पंचवीस गॅलन, दोन्ही बाजूंना उघडणारे लांब हात, आणि फेस. होय, फेस! एक यंत्र मिळतं म्हणे. ते फवारताना मागे पांढऱ्या फेसाचे गोळे टाकत जातं, म्हणजे कुठवर फवारलं ते कळतं. हजार एकरवाले शेतकरी वापरतात.

मी म्हटलं, "नॉर्ब, अर्ध्या एकरात तू विमान उतरवणारेस का?"

तो म्हणाला, "मला फेस हवा."

"का पण?"

"हवा म्हणजे हवा."

रिटायर झाल्यावर माणसाला बडेजाव सुचतो.

१५ एप्रिल

आर्डिस हल्ली फार पुटपुटते. सांगायचं तर नीट सांगावं माणसाने. टीव्हीवाल्यांचंही तेच. बातम्या देतात की कानगोष्टी करतात कळत नाही.

२६ एप्रिल, शनिवार

नॉर्ब चालत आला. सव्वा मैल. पिकअप अंगणात उभी ठेवून हा चालत हिंडतो. म्हणतो, डॉक्टरने सांगितलंय. आत येताना फाटकाजवळच्या हिरव्या कचरापेटीला हात केला आणि म्हणाला, "काय आर्डिस, कशी आहेस?" मी पोट धरून हसलो. खरी आर्डिस खिडकीत होती. ती हसली नाही. तिला विनोद कळायला वेळ लागतो.

टेबलावर कॅटलॉग पसरला. "तू वाच," तो म्हणाला. "तुझा आवाज चांगला आहे." हे मात्र खरं आहे. मी सगळं मोठ्याने वाचलं. टाकी किती, पंप मिनिटाला पाणी किती फेकतो, दोन झाडांमधून जायचं तर रुंदी किती. आमच्या वाटेवर दोन ओक आहेत, त्यांच्यामधून एटीव्ही जेमतेम जाते. लांब हातांचा फवारा घेतला तर दर फेरीला पंख मिटलेल्या बगळ्यासारखं आत शिरावं लागेल. हे त्याला पटलं. पंचवीसवरून पंधरावर यायलाही तो तयार झाला.

"पण फेस," तो म्हणाला.

मग मी गेल्या नोव्हेंबरचा विषय काढला. काढायला नको होता, पण राहवलं नाही. वीस पावलांवरून आठ फाट्यांच्या शिंगांचा नर याच्यासमोरून रमतगमत गेला आणि या पठ्ठ्याने बंदूक उचललीसुद्धा नाही! "त्याच्या मागे फेस नव्हता म्हणून सोडलास का?" मी म्हटलं.

नॉर्बने कॉफीत दोन चमचे मीठ घातलं, ढवळलं आणि सगळी प्यायला. माझ्यावरचा राग होता तो. मानी माणूस आहे.

१० मे, शनिवार

घेतला. नव्या फवाऱ्याऐवजी लिलावात जुना घेतला. पलीकडच्या गावात एका शेतकऱ्याचं सामान विकत होते. गर्दी खूप आणि फवारा ताडपत्रीखाली. लिलाववाले तर तोंडात गरम बटाटा धरून बोलतात. तरी मी नीट ऐकलं, "पंधरा गॅलन, पंप चालू." हात वर केला. समोर कुणीच बोली लावली नाही, तेव्हाच शंका यायला हवी होती.

ताडपत्री काढली तर आत वासराएवढी टाकी. पन्नास गॅलन.

"पंधरा म्हणाला होता," मी म्हटलं.

"पन्नास म्हणाला," नॉर्ब म्हणाला.

"मग तू बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तू ऐकलंयस. आणि तू बघितलंस का नाही?"

"ताडपत्री होती. तू तर दोन फुटांवर होतास!"

तो टाकीवरून हात फिरवत राहिला. घरी आणून अर्धी टाकी भरली आणि एटीव्ही चढावर घातली, तर पुढची चाकं जमिनीवरून उठली आणि घोडा उधळावा तसा मी आभाळाकडे बघत राहिलो. आर्डिस व्हरांड्यातून काहीतरी ओरडली. बहुधा "शाब्बास."

एक तृतीयांशच भरायची असं ठरवलं. पाणी आत घुसळतं, आणि वळताना गाडी दारू प्यायल्यासारखी डुलते. पण फुकटात पडला म्हणायचा.

३१ मे, शनिवार

फवारणी झाली. क्लोव्हर बोटभर आलंय आणि मध्ये गवत माजलंय. गवत मारणारं पण क्लोव्हरला न शिवणारं औषध वेगळं असतं. ते शेडमध्ये होतं. त्याच्या शेजारीच कुंपणाखालची झुडपं मारायचं, म्हणजे हिरवं दिसेल ते सगळं मारणारं.

मी टाकीत पाणी मोजत होतो. नॉर्ब आतून कॅन घेऊन आला आणि म्हणाला, "वारा जरा?"

मी म्हटलं, "हो हो, थोडा आहे. चालेल. ओत."

त्याने ओतलं.

अर्धा तुकडा मी फवारला. दोरी लावल्यासारखा सरळ. उरलेला अर्धा त्याने हट्टाने स्वतः केला. फेस नव्हता म्हणून की काय, गाडी अशी नेली की जणू कुत्रं फुलपाखराच्या मागे लागलंय. मधे मधे हातभर पट्टे सुटले. मी लांबून ओरडून सांगत होतो, पण लक्ष दिलं तर ना.

१० जून, मंगळवार

सगळं मेलं.

गवत मेलंच, त्याच्याबरोबर क्लोव्हरही मेलं. माझी बाजू तर कडेपासून कडेपर्यंत पिवळीधमक, एक पान जिवंत नाही. नॉर्बच्या बाजूला मात्र सुटलेले पट्टे हिरवेगार, आणि तिथे तीन हरणं चरत होती. माझ्याकडे त्यांनी बघितलं ते, माझ्या मते, तुच्छतेने.

शेडमध्ये कॅन तपासला. झुडपांचा होता.

नॉर्बला बोलावून दाखवला. "चुकीचा आणलास."

"मी तुला विचारलं होतं. कॅन तुझ्या नाकासमोर धरून म्हटलं, वाच जरा."

"वारा जरा म्हणालास!"

"वाऱ्याचं मी कशाला विचारू? मला वारा लागत नाही का अंगाला?"

"आणि वाचायला तुला काय झालं होतं? एवढी मोठी अक्षरं! आंधळा आहेस का?"

हे मी बोललो. तो टोपी घालून निघून गेला. जाताना फाटकाच्या खांबाला खांदा आपटला. एवढा राग बरा नव्हे.

१७ जून

नॉर्ब आला नाही. मी पण गेलो नाही. आर्डिस म्हणते जा. ती काहीतरी आणखीही म्हणाली. मी हो म्हटलं तर रडकुंडीला आली. बायकांचं काही कळत नाही.

२७ जून, शुक्रवार

शुक्रवारची तळलेली मासळी खायला गेलो. पंचवीस वर्षं आम्ही तिघं एकाच टेबलावर बसतो. नॉर्बची बायको होती तेव्हा चौघं बसायचो. आज त्याची खुर्ची रिकामी. वाढपीण म्हणाली, "तो आता डबा मागवून घेतो, पुतणी घेऊन जाते." मला मासे गोड लागले नाहीत. कोबीची कोशिंबीरही तशीच सोडली, आणि ती तर फुकट असते.

१ जुलै, मंगळवार

आर्डिस ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची गोड पाई भाजून नॉर्बकडे घेऊन गेली होती. परत आली आणि काहीच बोलली नाही. बाजाराच्या यादीचा कागद पालथा करून पेन्सिलीने लिहायला लागली आणि माझ्यापुढे सरकवला. तो कागद इथेच चिकटवतो.

"नॉर्बला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आहे, कडेचं तेवढं दिसतं. दीड वर्ष झालं. कुणाला सांगितलेलं नाही, तुला तर मुळीच नाही. तू हसशील म्हणतो. पिकअप फेब्रुवारीपासून हललेली नाही. जाऊन माफी माग."

मी तीनदा वाचला. असलं काही तोंडाने सांगायचं सोडून तिने लिहून का दाखवलं, ते मला कळलं नाही. पण ते महत्त्वाचं नाही.

मीठ. कचरापेटी. तू वाच, तुझा आवाज चांगला आहे. आणि त्याला फेस हवा होता. त्या बिचाऱ्याला पांढरे गोळे तरी दिसले असते.

आणि मी त्याला आंधळा म्हटलं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, आणि मला मित्राच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नाही. पण मी म्हणतो, माणसाने स्वतःहून सांगायला नको? शरीराचा एखादा भाग दगा देतोय हे माणसाला कळत असतं. कळत असून लपवायचं, चारचौघांत सोंग करायचं! मी असतो तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

हे मी आर्डिसला बोलून दाखवलं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पाठ फिरवून भांडी घासता घासता म्हणाली, "दुकान दाखवून ये आधी."

बायको कधी कधी लाखमोलाचं बोलते. नॉर्बला दुकान दाखवायचं! नवा फवारा त्याच्या पसंतीने घ्यायचा. माफी मागायची याहून चांगली रीत नाही.

२ जुलै, बुधवार

सकाळीच गेलो. नॉर्ब पायरीवर बसला होता. मी जवळ जाऊन म्हटलं, "मी आहे."

"कळलं," तो म्हणाला. "तुझी गाडी ओळखतो. मागचं बेअरिंग गेलंय तिचं. तीन महिने ओरडतंय."

मला तर कधी आवाज आला नाही. पण माफी मागायला आलो होतो, म्हणून वाद घातला नाही.

"नॉर्ब, मी त्या दिवशी जे बोललो..."

"खरंच बोललास की."

"तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू मला झाडीत एकट्याला जाऊ दिलं असतंस? गाडी चालवू दिली असतीस?"

"नाही."

"मग?"

 मग जे विचारायला भीती वाटत होती ते विचारलं. गेल्या नोव्हेंबरात भरलेली बंदूक घेऊन हा माझ्यापासून दोनशे पावलांवर बसला होता.

"भरलेली नव्हती," नॉर्ब म्हणाला. "गोळ्या घरी ठेवल्या होत्या. चार दिवस रिकामी बंदूक मांडीवर घेऊन बसलो. तो नर आला ते मला पावलांवरून कळलं. मोठा होता ना?"

"आठ फाटे."

"मला वाटलंच. जड चालत होता."

 मग मी म्हटलं, "ऊठ. दुकानात जायचंय. फेसवाला घेऊ, लागेल तेवढा फेस घेऊ."

"फेस नको आता," तो म्हणाला. "मी आता गाडीवर बसत नाही. तुझा तो पंधरा गॅलनवालाच घेऊ. पण पंप मी निवडणार."

रेनाटा क्लुकच्या दुकानात पंधरा गॅलनचे तीन फवारे होते. नॉर्ब म्हणाला, "बाई, तिन्ही बॅटरीला जोडा आणि पाणी घालून चालवून दाखवा."

"तसं आम्ही करत नाही," रेनाटा म्हणाली.

"चौतीस वर्षं गिरणीच्या पंपघरात काढलीत मी. मला फक्त ऐकू द्या."

तिने नळी ओढली. पहिला चालवला. नॉर्बने डोळे मिटून टाकीवर तळहात ठेवला. "हा चालताना अडखळतोय. आतल्या पडद्याला कुठेतरी चिमटा बसलाय. दोन वर्षांत फाटेल."

दुसऱ्याला तिने वायर लावली. मी कान देऊन ऐकलं आणि मान डोलावली. "वा! याला म्हणतात पंप. आवाजसुद्धा नाही. हाच घेऊ."

रेनाटाने माझ्याकडे बघितलं. मग नॉर्बकडे बघितलं.

"वर्लिन," नॉर्ब म्हणाला, "तो अजून सुरू केलेला नाही."

मी हसलो. नॉर्बचा विनोद परत आला म्हणून बरं वाटलं. ते दोघं मात्र हसले नाहीत. नॉर्बने मला विचारलं, "पहिला कसा वाटला तुला?" मी म्हटलं, "तोही शांतच होता." तो हं म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मीच त्याला आधार दिला असं म्हणायचं.

तिसरा घेतला. "हा खरं बोलतो," नॉर्ब म्हणाला. हात नाहीत त्याला, मागे फक्त दोन नोझल, दोन्हीकडे पंख्यासारखं पाणी फेकतात. दोन ओकांच्या मधून सहज जाईल. पन्नास गॅलनवाला रेनाटाने ठेवून घेतला. मांजरांना घर करते म्हणाली.

९ ऑगस्ट, शनिवार

नव्या फवाऱ्याने पहिली फवारणी. तुकडा पूर्ण साफ करून सलगम आणि गव्हासारखी राय पेरायची आहे. या वेळी सगळं मारणारं औषधच हवं होतं. कॅन मी वाचला, मोठ्याने, दोनदा. नॉर्ब म्हणाला, "आता शपथही घे."

मी गाडीवर, नॉर्ब कडेने चालत, हातात काठी. चौथ्या फेरीला त्याने काठी वर केली. थांबलो. "डावं नोझल तुंबलंय," तो म्हणाला. उतरून बघितलं, तर खरंच एवढासा कचरा अडकला होता. असं तीनदा झालं. दर वेळी वाकून जाळी धुतली. इंजिन चालू असताना एवढीशी कुरकुर याला पंधरा हातांवरून कशी ऐकू येते, देव जाणे. डोळे गेले की कानांना धार येते म्हणतात, ते खोटं नाही.

परतताना आर्डिसने लिंबू सरबत आणलं. ती आणि नॉर्ब बोलत होते. मी जवळ गेलो की थांबत होते. माझ्या वाढदिवसाचं काहीतरी शिजत असावं. वाढदिवस मार्चमध्ये आहे, पण आर्डिस तयारीची आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

राय आली! कडेपासून कडेपर्यंत हिरवी, एक पट्टा सुटलेला नाही. नॉर्बला नेऊन उभा केला. तो खाली बसला, दोन्ही हात पानांवरून फिरवले आणि म्हणाला, "दाट आहे."

पुढे काही बोलला नाही. बोलला असेल तर हळू बोलला.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. एकाच मचाणात दोघं, बंदूक एकच, माझी. हे नॉर्बनेच ठरवलं. "मी कान, तू डोळे," तो म्हणाला. मी म्हटलं, कान माझेही आहेत की. तो म्हणाला, "असू देत."

पहाटेपासून बर्फ भुरभुरत होता. साडेसातच्या सुमाराला नॉर्ब माझ्या कानाशी वाकला आणि ओठ हलवले.

मी म्हटलं, "काय?"

झाडीत धाड्कन आवाज झाला म्हणे. मला दिसलं ते एवढंच, की चार पांढऱ्या शेपट्या टेकडीपलीकडे जात आहेत.

नॉर्ब इतका हसला की मचाण हललं. डोळ्यांतून पाणी आलं त्याच्या. "चाळीस वर्षं," तो म्हणाला, या वेळी मोठ्याने, "चाळीस वर्षं तू मला सांगत आलायस की मचाणात बोलायचं नसतं!"

आता हे मी मनाला लावून घेत नाही. त्याचा आवाजही हल्ली बसत चाललाय, बिचाऱ्याचा.

२३ नोव्हेंबर

नवी पद्धत काढली. बोलायचं नाही, कोपर मारायचं. एकदा मारलं तर डावीकडे, दोनदा मारलं तर उजवीकडे. आठ वाजता एकदा बसलं. मिनिटभराने डावीकडून मादी आली, पाठोपाठ दुसरी. एक टिपली. नॉर्बच्या शीतपेटीत अर्धी, आमच्या अर्धी. गोळीचा आवाज झाला तेव्हा त्याने कान झाकले. मी नाही झाकले. बत्तीस वर्षं गिरणीच्या मोठ्या यंत्रापाशी कानात बोळे न घालता काढलेला माणूस आहे मी. असल्या आवाजाने काय होतंय?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

नॉर्ब सकाळी आला. पुढच्या मंगळवारी शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणाला. डोळ्यांत सुई देणार आहेत. गेलेलं येत नाही, पण राहिलेलं टिकेल.

"गाडी तू चालव," तो म्हणाला. "एकट्याने जायला भीती वाटते."

चाळीस वर्षांत हा माणूस भीती वाटते असं पहिल्यांदा बोलला. तेही माझ्या अगदी समोर बसून, चेहरा माझ्याकडे करून, एकेक शब्द सुटा करून. मला सगळं ऐकू आलं. लगेच हो म्हटलं.

मग त्याने खिशातून दवाखान्याचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "तू वाच."

मोठ्याने वाचलं. दहा वाजता, नॉर्बर्ट झिलिन्स्की, डोळे, दुसरा मजला. त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. साडेदहा वाजता, वर्लिन हॉगस्टॅड, कान, तोच मजला.

मी थांबलो. आर्डिस ओट्याशी पाठमोरी उभी होती. नळ चालू होता, पण हातात भांडं नव्हतं. नॉर्ब खिडकीकडे तोंड करून बसला होता, जणू बाहेर काही दिसतंय.

दवाखान्यातल्या बाईचा गोंधळ झाला असणार. दोन माणसं एकत्र येणार म्हटल्यावर दोघांचीही नावं घातली असतील. फोन करून सांगता आलं असतं. पण मग नॉर्बला वाटलं असतं, मी मागे सरतोय, आणि तो एकटा पडला असता.

"काय लिहिलंय?" त्याने विचारलं. मी अजून गप्पच होतो, म्हणून पुन्हा विचारलं, मोठ्याने.

"लिहिलंय की दोघांनी यायचं," मी म्हटलं.

कागद फ्रिजवर लावलाय. साडेआठला निघायचं.